कृष्णविवर कुणाला ओढून नेत नाही

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष

गेल्या वर्षभरात आपल्या महाविद्यालयात ‘कृष्णविवर’ हा शब्द मी पुष्कळदा ऐकला. वक्तृत्व स्पर्धेत भ्रष्टाचाराचे कृष्णविवर झाले, एकांकिकेत व्यसनाचे झाले, आणि कविसंमेलनात तर एका कविमित्राला प्रेयसीच्या डोळ्यांत एकदम दोन कृष्णविवरे सापडली. टाळ्याही भरपूर पडल्या. या सगळ्यांच्या बोलण्यामागे चित्र मात्र एकच होते. आकाशात कुठेतरी एक काळेकुट्ट तोंड उघडे आहे आणि जवळचे, लांबचे, जे असेल ते शोषून घेते आहे. कवीने उपमा कुठून घ्यावी याची सक्ती कुणी करू नये, हे मला मान्य आहे. पण ज्या वस्तूवरून उपमा घेतली ती वस्तू तशी नसेल, तर ‘ती तशी नाही’ असे म्हणण्याचा हक्क श्रोत्यांनाही असायला हवा. तो बजावण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

‘हा विषय सायन्सवाल्यांचा, तू कशाला त्यात पडतेस?’ असे मला दोघातिघांनी विचारले. त्यांचे उत्तर पुढे येईल. आधी ही वस्तू आहे तरी काय, ते पाहू.

समजा, आज भर दुपारी कुणी आपला सूर्य मुठीत धरून दाबला आणि एक कणही न सांडता त्याचे कृष्णविवर केले. (असे कधी होणार नाही. सूर्य त्यासाठी फार हलका आहे. पण समजायला हरकत नाही.) तर पृथ्वीचे काय होईल? आठ मिनिटे वीस सेकंदांनी अंधार पडेल. मग थंडी वाढत जाईल, पिके जातील, त्यामागून आपणही जाऊ. पण पृथ्वी सूर्याकडे खेचली जाईल का? मुळीच नाही. आज ती ज्या कक्षेत फिरते त्याच कक्षेत, तेवढ्याच दिवसांत, अंधारात फिरत राहील. कारण इतक्या दूरवरून पाहता ओढ दोनच गोष्टींवर ठरते, वस्तुमान किती आणि अंतर किती. वस्तुमान तेच, अंतरही तेच. मग ओढ वाढावी कशी? कृष्णविवराला ओढण्याची काही निराळी शक्ती मिळालेली नसते. झाडावरचा आंबा ज्या नियमाने खाली येतो, त्याच नियमाने तेही ओढते.

मग एवढा दरारा कशाचा? माझ्या मते सगळी मेख एका गोष्टीत आहे, आणि तीच आपल्याला कुणी सांगत नाही. कृष्णविवराच्या फार जवळ जाता येते. सूर्याच्या तितके जवळ जाताच येत नाही. सूर्याची त्रिज्या सुमारे सात लाख किलोमीटर. त्याच्या पृष्ठभागापर्यंत गेलात की पूर्ण सूर्य तुम्हाला ओढतो. पण त्याच्याही आत शिरलात तर थोडा सूर्य तुमच्या बाहेर राहतो, आणि बाहेर राहिलेल्या थराची ओढ सर्व बाजूंनी सारखी पडून फिटून जाते. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर, पृथ्वीच्या थेट मध्यापर्यंत विहीर खणता आली, तर तिच्या तळाशी उभ्या राहिलेल्या माणसाचे वजन शून्य भरेल. खाली जावे तशी ओढ वाढतच जाईल असे आपल्याला वाटते, पण मध्याशी ती उरतच नाही.

आता तोच सूर्य तीन किलोमीटर त्रिज्येच्या आत कोंबा. आता तुम्ही सात लाख किलोमीटरची वेस ओलांडून मध्यापासून शंभर किलोमीटरवर, दहा किलोमीटरवर जाऊ शकता, आणि तरीही सबंध सूर्य तुमच्या समोरच असतो. अंतर निम्मे झाले की ओढ चौपट होते, हे आपण शाळेत शिकलो. त्या साध्या हिशेबानेच तीन किलोमीटरवरची ओढ सूर्याच्या आजच्या पृष्ठभागावरील ओढीच्या पाच हजार कोटी पटींहून अधिक भरते. पृथ्वीचे कृष्णविवर करायचे तर तिची त्रिज्या नऊ मिलिमीटरपर्यंत आणावी लागेल. म्हणजे हिमालय, हिंदी महासागर आणि आपले महाविद्यालय धरून सगळी पृथ्वी खेळायच्या एका मोठ्या गोटीत!

ही कल्पना आजकालची नाही. जमिनीवरून वर फेकलेली वस्तू परत खाली पडू नये म्हणून तिला जो वेग द्यावा लागतो त्याला मुक्तिवेग म्हणतात. पृथ्वीवर तो सेकंदाला ११.२ किलोमीटर आहे, सूर्यावर सुमारे ६१८. प्रकाशाचा वेग सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर. मग एखाद्या ताऱ्याचा मुक्तिवेग यापेक्षा जास्त असला तर त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येणारच नाही, असा विचार जॉन मिशेल या इंग्रज पाद्र्याने १७८३ साली मांडला. काही वर्षांनी, १७९६ मध्ये, फ्रान्सच्या लाप्लासनेही तेच म्हटले. तेव्हा पुण्यात पेशवाई होती. पुढे सव्वाशे वर्षे हा विचार कुणाला फारसा आठवलाही नाही.

आइनस्टाइनने नोव्हेंबर १९१५ मध्ये आपला सिद्धांत पुरा केला आणि ‘ओढ’ या शब्दालाच हात घातला. त्याचे म्हणणे असे की वस्तुमानामुळे भोवतालचे अवकाश आणि काळ दोन्ही वाकतात, आणि वस्तू त्या वाकलेल्या अवकाश-कालात आपल्या सरळ वाटेने जात असते. तिला कुणी दोरी लावून ओढत नाही. हे पटायला जड जाते. माझ्यापुरते ते विहिरीत सुटलेल्या पोहऱ्याने पटले. दोर तुटून पोहरा खाली जात असतो तेवढा वेळ त्यातल्या पाण्याला वजन नसते. पाणी आणि पोहरा दोघेही सारखेच पडत असतात, पाणी पोहऱ्याच्या बुडाला दाबत नाही. आपल्याला जे वजन म्हणून जाणवते ते खरे तर जमिनीने आपले पडणे अडवल्याचे जाणवणे आहे. पडणाऱ्याला काहीच जाणवत नाही.

आइनस्टाइनच्या समीकरणांतून एका गोलाभोवतीचे अवकाश नेमके कसे वाकेल, हे कार्ल श्वार्त्सशिल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने काही आठवड्यांतच काढले. तो तेव्हा पहिल्या महायुद्धात रशियाच्या आघाडीवर नोकरीला होता. मे १९१६ मध्ये तो आजारपणाने वारला. सूर्यासाठी मी वर जी तीन किलोमीटरची त्रिज्या दिली, ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

कागदावरचे गणित झाले, प्रत्यक्षात पुरावा काय? आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी, इथून सुमारे सव्वीस-सत्तावीस हजार प्रकाशवर्षांवर, त्रेचाळीस लाख सूर्यांइतक्या वस्तुमानाचे एक कृष्णविवर आहे. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा माग राइनहार्ट गेन्झेल आणि अँड्रिया गेझ या दोघांच्या गटांनी वर्षानुवर्षे काढला. २०२० च्या नोबेल पारितोषिकात दोघांचाही वाटा आहे. त्यांतल्या ‘एस-२’ नावाच्या ताऱ्याला एका फेरीला सोळा वर्षे लागतात. मे २०१८ मध्ये तो कृष्णविवराच्या सर्वांत जवळ आला. त्या वेळी दोघांत सुमारे अठराशे कोटी किलोमीटर अंतर होते, म्हणजे सूर्य आणि नेपच्यून यांच्यामधील अंतराच्या चौपट, आणि ताऱ्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून जास्त. मग काय झाले? तारा गिळला गेला? नाही. तो वळसा घालून आला तसा परत निघाला, सूर्याला वळसा घालून धूमकेतू निघतो त्याप्रमाणे. २०३४ च्या सुमारास तो पुन्हा येईल. शोषून घेणारे तोंड खरोखर असते तर हा तारा केव्हाच नाहीसा व्हायला हवा होता.

इथे दुसऱ्या बाजूलाही न्याय दिला पाहिजे. फार जवळ गेल्यावर न्यूटनचा हिशेब पुरत नाही, आणि तिथे कृष्णविवर खरोखरच वेगळे वागते. न्यूटनच्या जगात तुम्ही कितीही जवळ गेलात तरी पुरेशा वेगाने फिरलात तर फिरत राहता. कृष्णविवराजवळ तसे नाही. ते स्वतःभोवती फिरत नसेल, तर श्वार्त्सशिल्ट त्रिज्येच्या तिपटीच्या आत कोणतीही वर्तुळाकार कक्षा टिकाऊ नसते. जरा धक्का लागला की वस्तू आत घसरू लागते. दीडपट अंतरावर तर प्रकाशच वर्तुळात फिरू लागतो. म्हणजे ‘ओढून नेणे’ म्हणायचेच असेल तर एवढ्या टापूपुरते म्हणावे. त्रेचाळीस लाख सूर्यांच्या त्या कृष्णविवराची त्रिज्या सव्वा कोटी किलोमीटरच्या आसपास येते आणि ‘एस-२’ त्याच्या हजारपटीहून दूर राहून गेला.

श्वार्त्सशिल्ट त्रिज्येच्या सीमेला घटना-क्षितिज म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो, कारण क्षितिज म्हणजे भिंत नव्हे. तिथे काही पृष्ठभाग नाही, कडा नाही, पाटी नाही. पडणाऱ्याला आपण ते ओलांडले हे कळायलाही काही खूण नाही. मात्र एका गोष्टीने कळू शकते, आणि ती म्हणजे भरती-ओहोटी. समुद्राला भरती का येते? पृथ्वीची चंद्राकडची बाजू चंद्राला जवळ, दुसरी दूर. दोन्हींवरच्या ओढीत फरक पडतो आणि पाणी ताणले जाते. पाय खाली करून पडणाऱ्या माणसाच्या पायांवर आणि डोक्यावर असाच फरक पडतो. दहा सूर्यांइतक्या कृष्णविवराजवळ हा फरक एवढा प्रचंड की माणूस क्षितिजापाशी पोचण्याच्या पुष्कळ आधीच ताणून फाटेल. पण गंमत अशी की कृष्णविवर जितके मोठे तितका त्याच्या क्षितिजावरचा हा ताण कमी. एप्रिल २०१९ मध्ये ज्याचे चित्र जगभर छापून आले, ते एम-८७ दीर्घिकेतले कृष्णविवर साडेसहाशे कोटी सूर्यांइतके आहे. त्याच्या क्षितिजातून माणूस केसालाही धक्का न लागता पार होईल. मोठे ते अधिक भयंकर, हा आपला नेहमीचा हिशेब इथे उलटा पडतो.

आणि काळ? वस्तुमानाजवळ घड्याळ हळू चालते. ही काही कादंबरीतली कल्पना नाही. आपल्या मोबाइलवर रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांतली घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सेकंदाच्या ३८ दशलक्षांश भागाने पुढे जातात आणि ती दुरुस्ती करावी लागते. कृष्णविवराजवळ हा फरक कल्पनेपलीकडे वाढतो. दूर उभे राहून आपण पडणाऱ्याकडे पाहिले तर तो क्षितिजाजवळ हळू हळू होत, तांबूस होत, मंद होत दिसेनासा होतो. ओलांडताना तो आपल्याला कधीच दिसत नाही. त्याच्या स्वतःच्या घड्याळाने मात्र तो केव्हाच आत गेलेला असतो. आत गेल्यावर मध्याकडे जाणे ही त्याच्यासाठी दिशा राहत नाही, तो त्याचा उद्या होतो. आपण मागे वळून खोलीबाहेर जाऊ शकतो, पण उद्याकडे पाठ फिरवून कालमध्ये जाऊ शकत नाही, तसेच. आकाशगंगेच्या मध्याशी आहे तेवढे, पण न फिरणारे कृष्णविवर धरून गणित केले, तर क्षितिजापासून शेवटापर्यंत त्याला फार तर एक मिनिट आणि काही सेकंद मिळतात. त्या शेवटाशी समीकरणेच मोडतात. तिथे काय आहे हे आज जगात कुणालाही माहीत नाही.

हे सारे मी वर्गातल्या एका मैत्रिणीला सांगत होते, तेव्हा तिने विचारले, ‘प्रकाशसुद्धा बाहेर येत नाही, तर मग गुरुत्वाकर्षण बाहेर कसे येते?’ ती इतिहास घेऊन बी. ए. करते आहे. इतका नेमका प्रश्न विचारणारी व्यक्ती विज्ञानाच्या बाहेरची, असे कुणी म्हणावे? उत्तर असे आहे की आतून काहीच यावे लागत नाही. तारा होता तेव्हाच त्याने आपल्या भोवतालचे अवकाश वाकवून ठेवलेले होते. तारा कोसळला, पण बाहेरचा वाक तसाच राहिला.

आता त्या पहिल्या आक्षेपाकडे येते, कला शाखेला याचे काय?

गेल्या दिवाळीत गावी गेले होते. आमचे गाव औंढा नागनाथपासून फार लांब नाही. चुलते शेतावरून आले आणि मला म्हणाले, ‘काय गं माय, तू कालेजात शिकूलालीस, तुला म्हाईत असंल. औंढ्याकडं ते सायन्सवाले मोठं भोक पाडूलालेत म्हणं. आपल्या हिरीचं पाणी त्याच्यात उतरंल का?’ घरात कुणी हसले नाही. हसण्यासारखे त्यात काही नव्हतेच. ज्याची सगळी शेती एका विहिरीवर आहे, त्याने भोकाचे नाव ऐकल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा, हे अगदी बरोबर आहे. कृष्णविवराचे नाव ‘विवर’ आणि आमच्याकडे विवर म्हटले की लोणार आठवते. चुलत्यांच्या डोळ्यांपुढे त्याहून निराळे चित्र येणार कसे?

हकीकत अशी आहे की हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा होणार आहे. केंद्र सरकारने तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. तिथे भोक पाडायचे नाही. एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांत टांगलेले आरसे आणि लेसरचा प्रकाश, असा तो कारभार आहे. दूर कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत फिरत एक झाली, की अवकाशात लाटा उठतात. त्या लाटा इथून जाताना एक नळी किंचित लांबते, दुसरी किंचित आखूड होते. किती किंचित? अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनपेक्षाही शेकडो पट लहान. अमेरिकेतल्या अशा दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी ही थरथर पहिल्यांदा पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर ३६ आणि २९ सूर्यांइतकी दोन कृष्णविवरे एक होऊन ६२ सूर्यांइतके एक झाले होते. बेरीज ६५ व्हायला हवी; राहिलेले तीन सूर्य लाटांच्या रूपाने निघून गेले. अशा क्षीण लाटा गोंगाटातून निवडून काढण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वीपासून काम केले होते. औंढ्याची जागा निवडली ती तिथली जमीन शांत आहे म्हणून. वेधशाळा जितक्या दूर दूर असतील तितकी लाट कोणत्या दिशेने आली हे नीट कळते.

चुलत्यांना मी हे सांगितले. नळ्या, आरसे, थरथर, सगळे. त्यांना सर्वांत पटले ते घंटेचे उदाहरण. नागनाथाच्या देवळातली घंटा आणि घरच्या देव्हाऱ्यातली घंटा डोळे मिटूनही वेगळ्या ओळखू येतात, कारण प्रत्येकीचा नाद तिच्या आकारावर आणि धातूवर ठरतो. कृष्णविवराला धक्का बसला तर तेही असेच घुमते आणि त्याचा नाद फक्त त्याचे वस्तुमान आणि फिरणे यांवर ठरतो. कृष्णविवर असे घुमून शांत होते, हे सी. व्ही. विश्वेश्वरा या कन्नड शास्त्रज्ञाने १९७० साली गणिताने दाखवले. तो नाद आजवर सर्वांत स्पष्ट ऐकू आला तो १४ जानेवारी २०२५ ला, म्हणजे नेमका संक्रांतीच्या दिवशी. विश्वेश्वरा २०१७ मध्ये गेले. हे ऐकायला ते नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे की चुलत्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी कुणाची? वेधशाळेत काम करणारे मोठे शास्त्रज्ञ गावोगाव येऊन प्रत्येक ओसरीवर बसणार नाहीत. गावात जाऊन बसणारे आपण आहोत. आपल्यापैकी बरेच जण शिक्षक होतील, काही तलाठी, ग्रामसेवक, पत्रकार होतील. आपल्याच जिल्ह्याच्या मातीवर एवढे मोठे काम व्हावे, आणि आपल्या लोकांच्या वाट्याला त्यातले फक्त फाटकावरची राखण आणि उपाहारगृहातल्या कपबशा याव्यात, हे मला मान्य नाही. आणि ‘ते शोषून घेते हो!’ एवढीच माहिती घेऊन आपण गावी जाणार असलो, तर अफवा पसरवण्यापलीकडे आपला काही उपयोग नाही.

कला शाखा आपण निवडली असे म्हणतात. खरेच का? माझ्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. गुण बरे होते. पण विज्ञान शाखा तालुक्याच्या गावी, शिकवणीची फी वेगळी, शेवटची एस. टी. संध्याकाळी सहाची. मुलीला तिकडे ठेवायची कुणाची तयारी नव्हती. अशा किती जणी आणि किती जण या वर्गांत बसले आहेत, ते प्राध्यापक मंडळींना माहीत आहे. मला मराठी वाङ्मयाचा कंटाळा नाही, उलट आता ते सोडवणार नाही. पण फी आणि एस. टी.च्या वेळापत्रकाने माझी शाखा ठरवली, म्हणून तारा कसा मरतो हे समजून घेण्याची माझी पात्रताही त्यानेच ठरवावी काय?

तारा कसा मरतो, याचा हिशेब ज्याने मांडला तो सुब्रह्मण्यन चंद्रशेखर तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्याच वयाचा. ३१ जुलै १९३० रोजी तो मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाला आणि बोटीवरच त्याने गणित केले की विझलेल्या ताऱ्याचे वस्तुमान एका मर्यादेपलीकडे असेल तर तो श्वेतबटू म्हणून टिकू शकत नाही. आज ती मर्यादा सुमारे १.४ सूर्य मानतात. जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या सभेत एडिंग्टनसारख्या मोठ्या माणसाने या निष्कर्षाची जाहीर खिल्ली उडवली. चंद्रशेखर यांना नोबेल मिळाले १९८३ मध्ये. याच चंद्रशेखर यांनी १९७५ साली शिकागोला शेक्सपिअर, न्यूटन आणि बीथोव्हन यांच्या प्रतिभेवर व्याख्यान दिले. त्यांना कुणी ‘हा विषय आर्ट्सवाल्यांचा’ असे सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

मराठीपुरते बोलायचे तर जयंत नारळीकर यांची ‘कृष्णविवर’ ही कथा आहेच. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेसाठी त्यांनी ती आपली आद्याक्षरे उलटी करून, ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली, आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. पुढे तेच नारळीकर २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी ते गेले. वृत्तपत्रांत पानेच्या पाने आली, आपल्याकडेही श्रद्धांजलीची सभा झाली, भाषणे चांगली झाली. त्यांतल्या एकाही भाषणात कृष्णविवर म्हणजे काय हे कुणी दोन वाक्यांत सांगितले नाही. ‘विज्ञान सोप्या मराठीत आणणारे’ असे सगळे म्हणाले. आणलेले काय, याचा उल्लेख कुणी केला नाही!

मराठीत विज्ञान लिहिले जाते तेव्हा बहुधा ‘अद्भुत’, ‘गूढ’, ‘अथांग’ या तीन शब्दांवर भागवले जाते, अशी माझी तक्रार आहे. अद्भुत म्हटले की वाचकाने तोंड उघडे टाकायचे आणि पान उलटायचे. तीन किलोमीटर, नऊ मिलिमीटर, तिपटीच्या आत, हजारपटीच्या बाहेर, असे आकडे दिले की वाचक हिशेब करू लागतो, हरकत घेऊ लागतो. गावातला शेतकरी बाजार समितीतली पट्टी, पीककर्जाचे व्याज आणि मोटारपंपाचे बिल तोंडी तपासतो. अंतर निम्मे तर ओढ चौपट, एवढे त्याला न कळण्यासारखे काय आहे?

तेव्हा एक सूचना करते. आपली वार्षिक सहल वेरूळ-दौलताबादला बऱ्याच वेळा जाऊन आली. पुढच्या वर्षी ती औंढ्याला न्यावी. नागनाथाचे दर्शन घ्यावे, आणि परवानगी मिळाली तर वेधशाळेची जागाही पाहावी. जाण्यापूर्वी दोन शनिवारी भौतिकशास्त्राच्या सरांनी सर्व शाखांच्या मुलामुलींसाठी मराठीतून व्याख्यान द्यावे, आणि प्रश्न विचारायला व्याख्यानाइतकाच वेळ ठेवावा. सरांशी मी बोलले आहे. त्यांची हरकत नाही, मात्र ‘वीस तरी मुले येतील ना?’ असे त्यांनी विचारले. तसा अर्ज लिहून मी वाङ्मय मंडळाच्या फलकाखालच्या टेबलावर ठेवला आहे. सह्यांसाठी खाली जागा सोडली आहे, आणि सोबत पेनही बांधून ठेवले आहे.